तराजू, नाणी आणि प्राध्यापक कोसंबी

गणिताचा पेपर हातात पडला की वरच्या बाजूला बारीक अक्षरात काही सूचना छापलेल्या दिसतात. कुठले प्रश्न सक्तीचे, उजवीकडचे आकडे म्हणजे पूर्ण गुण, आणि शेवटी ठरलेली सूचना : नॉन-प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर वापरायला परवानगी आहे. या एका ओळीवर आमच्या उचगावातल्या वसतिगृहात जितका काथ्याकूट होतो, तितका प्रोबॅबिलिटीच्या अख्ख्या युनिटवर होत नाही! अमुक मॉडेल चालतं का? मेमरी पुसून न्यायची का? मध्यमान आणि प्रमाण विचलन थेट काढून देणारा मोड वापरला तर पायऱ्यांचे मार्क मिळणार की जाणार? आणि सगळ्यात मोठं रडगाणं म्हणजे वेळ. रिग्रेशनचं एक गणित म्हणजे पाच रकाने, दहा ओळी, वर बेरजा. एक आकडा चुकला की सगळं मुसळ केरात.

'गेट' देणाऱ्या सीनियर्सचं दुःख आणखी वेगळं. तिथे स्वतःचा कॅल्क्युलेटर आत नेताच येत नाही. पडद्यावरचा कॅल्क्युलेटर माऊसने दाबत १८० मिनिटांत ६५ प्रश्न सोडवायचे. म्हणजे नियम सगळीकडे आहेत, फक्त जागा बदलली की नियम बदलतो.

मला या वादात भाग घ्यायला आवडतं, पण गेल्या सुट्टीत लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकांमुळे माझ्या डोक्यात एक वेगळाच माणूस घुसला. आपल्या खिशातला इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर बाजारात आला १९७० च्या दशकात. हा माणूस त्याआधीच, १९६६ मध्ये वारला. त्याने हजारो नाणी एकेक करून तोलली, त्यांची सरासरी काढली आणि इतिहासाच्या अभ्यासाला एक नवीन हत्यार दिलं. त्याचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासवाल्यांना ते इतिहासकार म्हणून माहीत आहेत, संस्कृतवाल्यांना संपादक म्हणून. पण पगार ते घेत होते गणिताचा! आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना मात्र त्यांचं नावही माहीत नसतं, आणि ते बरं नाही. का ते पुढे सांगतो.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. वडील धर्मानंद कोसंबी म्हणजे एक अफाट माणूस. बौद्ध धर्म शिकायचा म्हणून घर सोडून निघाले, नेपाळ आणि श्रीलंकेपर्यंत जाऊन आले, पाली भाषेचे मोठे पंडित झाले आणि अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात कामासाठी पोचले. १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला निघाले तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर आणि त्याची मोठी बहीण सोबत होती. गोवा-पुण्याचं पोरगं थेट अमेरिकेतल्या केंब्रिजच्या शाळेत! पुढे हार्वर्डमधूनच १९२९ मध्ये पदवी घेतली, तीही सर्वोच्च श्रेणीत. बर्कहॉफ आणि नॉर्बर्ट वीनर यांच्यासारखे गणिती त्यांना जवळून बघायला मिळाले. कंट्रोल सिस्टिम शिकताना ज्यांना वीनर भेटलाय, त्यांना ही संगत काय असेल ते कळेल. शिवाय ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन अशा भाषा त्यांनी आत्मसात केल्या त्या वेगळ्याच.

अमेरिकेत राहिले असते तर आयुष्य सुखाचं गेलं असतं. पण ते परत आले. आधी बनारस हिंदू विद्यापीठ, मग अलीगढ. अलीगढला त्यांना बोलावलं आंद्रे व्हेय या फ्रेंच गणितज्ञाने. या व्हेयने त्यांना एक खोडी सुचवली. बुर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या नावाने कोसंबींनी १९३१ मध्ये एक गंभीर चेहऱ्याचा शोधनिबंध छापून टाकला. पुढे फ्रान्समधल्या गणितज्ञांच्या एका गटाने बुर्बाकी याच नावाने ग्रंथमाला काढून जग गाजवलं. पण संशोधनपत्रिकेत ते नाव पहिल्यांदा छापून आलं ते आपल्या कोसंबींच्या हातून. वात्रटपणा फक्त हॉस्टेलवरच चालतो असं नाही म्हणायचं!

त्यानंतर पुण्यात फर्ग्युसन कॉलेज. १९४५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ बारा वर्षं, ते तिथे गणित शिकवत होते. १९३४ मध्ये रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं. नाव भूमितीत झालेलं, पण त्यांना संख्याशास्त्र शिकायचं होतं. आता हे शिकवणार कोण? क्लास नाही, गाईड नाही, सोडवलेले पेपर नाहीत. मग त्यांनी ठरवलं, की प्रत्यक्षातला एखादा प्रश्न घ्यायचा आणि तो सोडवता सोडवता विषय शिकायचा.

मला सगळ्यात मजा वाटली ती इथे. त्यांनी घेतलेला एक प्रश्न होता परीक्षेत विद्यार्थ्यांना पडलेल्या गुणांचा! आपण गुणांकडे बघतो ते पास की नापास एवढ्यासाठी. कोसंबींनी त्याच गुणांकडे नमुना म्हणून बघितलं. त्यांना दिसलं, की कॉलेजच्या पहिल्या वर्षाची साधी परीक्षासुद्धा जी पातळी धरून चालते, ती वर्गात जे शिकवलं जातं त्या पातळीशी जुळतच नाही. एका प्राध्यापकाने हे आकडे मांडून म्हणावं, आणि तेही स्वतः परीक्षा घेणाऱ्याने, याला छाती लागते. पेपर अवघड गेला म्हणून मेसमध्ये ताटावर बसून आपणही ओरडतो. पण गुणांची वारंवारता सारणी मांडून कोणी ओरडल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

दुसरा प्रश्न नाण्यांचा, आणि तो आपल्या भागातल्या माणसाला पटकन समजेल. आपल्या उचगावाहून हुपरी काही लांब नाही. हुपरीच्या चांदी कारागिराला विचारा, चांदी हाताळली की घट येतेच. घडवताना येते आणि वापरतानाही येते. जुने पैंजण नव्याइतके भरत नाहीत. कोसंबींनी हीच गोष्ट पकडली, पण पार तळापर्यंत नेली.

त्या काळी प्राचीन भारतातली चांदीची आहत नाणी, म्हणजे ठसे मारून केलेली नाणी, अभ्यासकांना कोड्यात टाकत होती. त्यांच्यावर राजाचं नाव नाही, साल नाही. नुसत्या खुणा : सूर्य, डोंगर, झाड, प्राणी. मग कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे ओळखायचं कसं? १९२४ मध्ये तक्षशिलेला भीड टेकाडावर हजाराहून जास्त नाण्यांचा एक साठा सापडला होता. त्यात अलेक्झांडरची दोन नाणी निघाली, त्यामुळे साठा पुरला गेला तो काळ साधारण कळला. पण आतल्या नाण्यांचा एकमेकांतला क्रम कळत नव्हता.

कोसंबींचा विचार असा. टांकसाळीतून निघताना एका प्रकारच्या नाण्यांचं वजन जवळजवळ सारखं असतं. बाजारात फिरताना प्रत्येक नाणं थोडं थोडं झिजतं. कुठलं किती झिजेल हे नशिबावर, पण सगळ्या गटाचं मिळून बघितलं तर नियम दिसतो. जितकी वर्षं चलनात, तितकी सरासरी खाली येते आणि वजनातली पसरण, म्हणजे आपलं व्हेरिअन्स, वाढत जातं. साठा जमिनीत पुरला की झीज थांबते. तेव्हा एकाच साठ्यातल्या वेगवेगळ्या गटांची सरासरी वजनं लावून बघा, सगळ्यात हलका गट सगळ्यात जुना. नाण्यांच्या मागच्या बाजूला सराफांनी तपासून मारलेल्या बारीक खुणा असत. त्या जितक्या जास्त, तितकं नाणं हलकं, हेही त्यांनी दाखवलं. घड्याळ नसलेल्या काळासाठी झीज हेच घड्याळ झालं म्हणा ना.

आता एखादा म्हणेल, की झीज अशीच होते हे कशावरून? कोसंबींनाही हा प्रश्न पडला. म्हणून त्यांनी त्यांच्या काळातली, रोजच्या बाजारातली चालू नाणी गोळा केली. त्यांच्यावर साल छापलेलं असतं, म्हणजे उत्तर आधीच माहीत! ती हजारोंनी नाणी तराजूवर एकेक करून तोलली आणि आपला नियम तिथे लागू पडतो का ते तपासलं. प्रयोगशाळेत आधी माहीत असलेल्या वजनावर काटा तपासून घेतात तसंच हे. आपण इन्स्ट्रुमेंटेशनच्या जर्नलमध्ये कॅलिब्रेशन लिहितो, बहुतेक वेळा शेजारच्याचं बघून. ते त्यांनी स्वतःच्या हाताने केलं.

यात किती वेळ लागतो याचा साधा हिशोब करू. समजा एका गटातल्या नाण्यांचं प्रमाण विचलन ०.०५ ग्रॅम आहे. २५ नाणी तोलली तर सरासरीची प्रमाण त्रुटी ०.०५ भागिले ५, म्हणजे ०.०१ ग्रॅम. ती निम्म्यावर आणायची तर ५० नाणी पुरत नाहीत, १०० लागतात. आणखी निम्म्यावर आणायची तर ४००. वर्गमूळ असं निर्दयी असतं. आजचा कुठलाही कॅल्क्युलेटर हा भागाकार डोळ्याचं पातं लवायच्या आत करेल. पण त्या ४०० नाण्यांतलं एकही नाणं तो तुमच्यासाठी तोलणार नाही.

१९४३ मध्ये कोसंबींनी एक शोधनिबंध लिहिला, फलनांच्या अवकाशातल्या संख्याशास्त्रावर. तेव्हा तो फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. काही वर्षांनी कारहुनेन आणि लोएव्ह या दोघांनी स्वतंत्रपणे तीच कल्पना मांडली आणि ती त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. आपल्या मेकॅनिकलवाल्यांसाठी सांगतो, टर्ब्युलन्सच्या अभ्यासात प्रॉपर ऑर्थोगोनल डिकम्पोझिशन म्हणून जी पद्धत वापरतात, ती हीच. लम्लेने ती प्रवाहाच्या अभ्यासात आणली १९६७ मध्ये, कोसंबी गेल्यानंतर एका वर्षाने. चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मुळाशीही याच कुळातली कल्पना आहे.

१९४४ चा दुसरा निबंध जनुकांवरचा. गुणसूत्रावर दोन जनुकं किती दूर आहेत हे थेट मोजता येत नाही. पुढच्या पिढीत त्यांची अदलाबदल किती वेळा झाली त्यावरून अंतर काढावं लागतं. त्यासाठी त्यांनी दिलेलं सूत्र आजही कोसंबी फंक्शन या नावाने वापरलं जातं. अदलाबदलीचं प्रमाण ०.२ असेल तर १.४ ला ०.६ ने भागा, नैसर्गिक लॉग घ्या, आलेल्या आकड्याचा चौथा भाग काढा. उत्तर ०.२१२. कॅल्क्युलेटर हातात असेल तर करून बघा, अर्ध्या मिनिटाचं काम. पण हाच आकडा का, यामागचा विचार अर्ध्या मिनिटाचा नाही. पिकांच्या नवीन वाणांवर काम करणारे लोक आजही हे सूत्र वापरतात, म्हणजे आपल्या शेतापर्यंत आलेला हा माणूस आहे.

असं नका समजू, की त्यांना यंत्रांचं वावडं होतं. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची फेलोशिप घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेला गेले, ते मुद्दाम इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांचा अभ्यास करायलाच. तेव्हा जगात अशी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्याच दौऱ्यात शिकागोला भूमिती शिकवली, प्रिन्स्टनला आइन्स्टाइन यांची भेट झाली. तोवर ते होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते. याच संस्थेत पुढे १९६० मध्ये 'टिफ्रॅक' हा भारतात घडवलेला संगणक सुरू झाला. राहायचे पुण्यात, नोकरी मुंबईत, रोजचा प्रवास डेक्कन क्वीनने. आपल्यातले सांगली-मिरजेहून अपडाऊन करणारे हे वाचून जरा खूश होतील!

एवढं सगळं चालू असताना भर्तृहरीच्या शतकांची शेकडो हस्तलिखितं ताडून त्यांनी चिकित्सक आवृत्ती काढली. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ आला. सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, जुन्या वाटा, खेड्यातली दैवतं पालथी घालायची हा छंद. आपल्याकडे कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर निघालेल्या वस्तू टाऊन हॉलच्या संग्रहालयात ठेवल्यात. कोसंबी वाचल्यावर तिथे गेलो तर मला त्या काचेच्या पेट्या वेगळ्याच दिसल्या. पूर्वी नुसतं जुनं सामान वाटायचं. आता वाटलं, यातल्या प्रत्येक वस्तूला विचारण्यासारखा एखादा प्रश्न असणार.

पण गोष्ट गोड नाही. कोसंबी स्पष्टवक्ते होते, तिखट होते. अणुशक्तीवर सगळा भर देण्याला त्यांचा विरोध होता. भारतासारख्या देशाने सूर्यशक्तीकडे बघावं असं ते १९५० आणि ६० च्या दशकात सांगत होते. ज्या संस्थेत नोकरी, तिचे प्रमुखच अणुऊर्जेचे शिल्पकार! १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. ज्या साली आपलं शिवाजी विद्यापीठ सुरू झालं, त्याच साली पंचावन्न वर्षांचा हा माणूस नोकरीविना घरी बसला.

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. रिमानचं गृहीतक हा गणितातला सगळ्यात अवघड प्रश्नांपैकी एक. कोसंबींनी संभाव्यतेच्या मार्गाने त्याला हात घातला आणि १९५९ मध्ये शेतीविषयक संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात तो निबंध छापला. गणितज्ञांनी ती सिद्धता मान्य केली नाही, आणि त्यांच्या नावाला त्याचा मोठा फटका बसला. ज्या पद्धतीने नाण्यांचं कोडं सुटलं, ती अविभाज्य संख्यांच्या बाबतीत पुरी पडली नाही. बहुतेक वेळा असं घडतं एवढं संख्याशास्त्र सांगू शकतं. नेहमीच असं घडतं हे सांगायला दुसरंच काहीतरी लागतं. मला वाटतं, टेस्ट ऑफ हायपोथेसिसच्या युनिटच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवावं.

१९६४ मध्ये सीएसआयआरने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमलं आणि पुण्यातल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत ते काम करू लागले. पण दिवस थोडे उरले होते. २९ जून १९६६ ला, वयाच्या ५८ व्या वर्षी, झोपेतच ते गेले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने २००८ मध्ये सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

आता एवढं सगळं वाचून कॅल्क्युलेटरच्या वादाचं काय? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. नॉन-प्रोग्रॅमेबलचा नियम राहू दे, त्याने सगळे एका पातळीवर येतात. कर्ज काढून महागडा कॅल्क्युलेटर घ्यायची पाळी कोणावर येऊ नये. अडचण आहे वेळेची. पेपरातला निम्मा वेळ वर्गांच्या बेरजा करण्यात जात असेल, तर तपासलं जातं ते बोटांचा वेग. बेरजा प्रश्नातच छापून द्या आणि वाचलेल्या वेळात विचारा : या नमुन्याची सरासरी काढावी का? उत्तर आलं त्याचा अर्थ काय? आणखी किती वाचनं घेतली तर तुम्ही खात्रीने सांगाल?

हा सरासरी काढावी का असला प्रश्न बावळट वाटतो ना? मग हे बघा. आपल्या रुपयाच्या नाण्याचं वजन एक नाही. आधीच्या मालिकेतलं स्टीलचं नाणं ४.८५ ग्रॅमचं, २०११ च्या मालिकेतलं ३.७९ ग्रॅमचं. समजा पहिल्या प्रकारची दहा आणि दुसऱ्या प्रकारची दहा, अशी वीस नाणी झीज सोडून आपण तोलली आणि आकडे कॅल्क्युलेटरमध्ये भरले. तो निमूटपणे सांगेल : सरासरी ४.३२, प्रमाण विचलन ०.५३. दोन्ही उत्तरं बिनचूक. पण ४.३२ ग्रॅमचं नाणं त्या वीसांत एकही नाही! कोसंबींनी आधी खुणा बघून गट पाडले, मग सरासरी काढली. तो गट पाडण्याचा विचार कुठल्याच बटणावर नाही, प्रोग्रॅमेबलवरही नाही.

सरांना आणि मित्रांना म्हणून एक विनंती. संख्याशास्त्राच्या युनिटला एक प्रॅक्टिकल जोडूया. लॅबमधला डिजिटल तराजू घ्यायचा, मेसच्या आणि कॅन्टीनच्या गल्ल्यातून शंभर-दोनशे नाणी उसनी आणायची, साल बघून गट पाडायचे आणि कुठलं किती झिजलंय ते मोजायचं. खर्च शून्य, कारण नाणी परत द्यायचीच आहेत. कॅल्क्युलेटर कुठलाही वापरा आणि घाई करू नका. शेवटी रिपोर्टवर आकड्याच्या खाली दोन ओळी लिहायच्या, की या आकड्यावर माझा किती विश्वास आहे आणि का. मी नाणी गोळा करायला तयार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी लॅबमध्ये भेटावं.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी